बडतर्फीचा आदेश हातात पडल्यावर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्राध्यापकांवरचे गैरवर्तनाचे आरोप, त्यावर विद्यापीठाने किंवा संस्थेने केलेली चौकशी आणि शेवटी बडतर्फी, या विषयावरची पत्रं आमच्याकडे सतत येतात. लिहिणाऱ्यांत बडतर्फ झालेले प्राध्यापक आहेत, तक्रार केलेल्या विद्यार्थिनी आणि त्यांचे पालक आहेत, चौकशी समितीवर बसलेल्या अध्यापिकाही आहेत. तिघांच्याही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा चौकशीच्या नस्तीतच, म्हणजे फायलीतच असतात. नस्ती कच्ची राहिली की दोषी माणूस सुटतो, निर्दोष माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि तक्रार करणाऱ्या मुलीला तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून या वेळी तारखा, मुदती आणि कागद यांवर भर दिला आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

अनुदानित महाविद्यालयात मी पंधरा वर्षं शिकवतो आहे. संस्थेने चौकशी करून मला बडतर्फ केलं, आदेश रजिस्टर पोस्टाने आला. संस्थाध्यक्षांना भेटून विनंती करावी, विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जावं, की थेट हायकोर्टात? (एक प्राध्यापक, सांगली जिल्हा)

आधी आदेश मिळाल्याची तारीख पक्की करा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. त्यासाठी ३० दिवस मिळतात. ते दिवस आदेश तुमच्या हाती आला त्या तारखेपासून मोजायचे, आदेशावर छापलेल्या तारखेपासून नाही. म्हणून पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट जपून ठेवा. आदेश ई-मेलने आला असेल तर तो ई-मेल तसाच राहू द्या. शिपायाने घरी आणून दिला असेल तर पोच देताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा.

तक्रार निवारण समितीच्या वाटेला जाऊ नका. कलम ७९ खालची ही समिती न्यायाधिकरणाच्या कक्षेत न येणाऱ्या तक्रारींसाठी आहे. बडतर्फी, सेवेतून काढून टाकणं, सेवासमाप्ती आणि पदावनती हे विषय न्यायाधिकरणाचे. समितीकडे अर्ज द्यायचा, तीन महिने वाट पाहायची आणि मग ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर घेऊन परत यायचं, तोवर अपिलाची मुदत कधीच उलटून गेलेली असते. हायकोर्टाचंही तसंच आहे. कायद्याने अपिलाची सोय दिलेली असताना हायकोर्ट रिट याचिका सहसा ऐकत नाही, आधी न्यायाधिकरणाकडे जायला सांगतं. न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेला की मग हायकोर्टाचा रस्ता उघडतो.

अध्यक्षांना जरूर भेटा, पण अपिलाची तयारी एक दिवसही थांबवू नका. ‘पुढच्या सभेत विषय घेतो’ या शब्दावर महिना सहज निघून जातो. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. मात्र ‘बोलणी चालू होती’ हे कारण दुबळं ठरतं. रुग्णालयात दाखल असणं किंवा आदेश चुकीच्या पत्त्यावर जाणं, अशी कागदाने सिद्ध होणारी कारणं टिकतात.

अपिलाबरोबर जोडायचे कागद असे: नियुक्तिपत्र, विद्यापीठाचं मान्यतापत्र, दोषारोपपत्र, तुमचा खुलासा, चौकशीचा संपूर्ण रोजनामा, साक्षीदारांचे जबाब, चौकशी अहवाल, शिक्षेपूर्वीची कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेलं उत्तर, बडतर्फीचा आदेश आणि शेवटच्या काही महिन्यांच्या वेतनपावत्या. यातलं काही संस्थेने दिलंच नसेल तर ते लेखी मागा आणि मागणीपत्राची पोच अपिलाला जोडा. न दिलेला कागद हाच पुढे तुमचा मुद्दा होतो. प्रतिवादींत संस्था, प्राचार्य आणि विद्यापीठ यांच्याबरोबर उच्च शिक्षण सहसंचालकांनाही घ्या. अनुदानित पदाचा पगार त्यांच्या कार्यालयातून निघतो. ते प्रकरणात पक्षकार नसतील तर जिंकल्यानंतर पगार सुरू करून घेताना नव्याने झगडावं लागतं.

पदभार द्यावा लागला तर ‘माझे हक्क राखून’ असा शेरा लिहून द्या. ‘सर्व देणी पूर्ण व अंतिम मिळाली’ अशा पावतीवर सही करू नका.

एक लक्षात ठेवा: हे न्यायाधिकरण राज्य सरकार, केंद्र सरकार किंवा महापालिकेसारखी स्थानिक संस्था चालवते त्या महाविद्यालयांसाठी नाही. राज्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जायचं असतं.

गोवा विद्यापीठातल्या विभागप्रमुखांची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली असं वाचलं. म्हणजे ते निर्दोष ठरले का? आणि विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या, त्यांचं काय? (एक वाचक, मडगाव)

निर्दोष ठरले नाहीत आणि दोषीही ठरले नाहीत. त्या निकालाची सगळ्यात क्लेशदायक बाजू हीच आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

प्रकरण २००९ चं आहे. राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखांविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. त्या वेळी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं लागू होती आणि त्यानुसार विद्यापीठाने स्थायी समिती नेमलेली होती. समितीच्या १८ बैठका झाल्या. सुरुवातीच्या बैठकांत पुरेसं अंतर होतं, पण मे २००९ मध्ये त्या एकापाठोपाठ एक घेतल्या गेल्या. चौकशी चालू असतानाच आणखी तक्रारी आणि जबाब येत राहिले. ते कागद प्राध्यापकांच्या हाती पडायचे आणि उत्तर द्यायला दिवस मिळायचे मोजके. त्यांनी आजारपणाचं कारण देऊन मुदत मागितली. ती न देता समितीने त्यांच्या गैरहजेरीत कामकाज पुरं केलं आणि ५ जून २००९ रोजी सेवा संपवण्याची शिफारस करणारा अहवाल दिला.

पुढे विद्यापीठाने दोषारोपपत्र देऊन वेगळी खातेनिहाय चौकशी सुरू केली आणि ती मध्येच बंद केली. समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल मानायचा, असं ठरवून २०१० मध्ये त्यांना बडतर्फ केलं. कुलपतींकडचं अपील फेटाळलं गेलं. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने याचिका फेटाळली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ए. एस. बोपन्ना आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या पीठाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण समितीकडे परत पाठवलं. चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा चालवायची, असा आदेश झाला.

अनेक जण या निकालाचा अर्थ चुकीचा लावतात. दुसरी वेगळी चौकशी घेतली नाही म्हणून बडतर्फी रद्द झालेली नाही. तक्रार समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या चौकशीचाच अहवाल मानायचा, हे पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. २०१२ च्या अंतिम निकालात ते पुन्हा ठामपणे मांडलं गेलं. तो नियम कायम आहे आणि तो योग्यच आहे, कारण एकाच मुलीला दोन वेगवेगळ्या चौकश्यांत साक्ष द्यायला लावणं क्रूर आहे. पण एकच चौकशी असेल तर तिलाच सगळा भार पेलायचा असतो. आरोप नेमका काय, पुरावा कोणता, उत्तराला किती वेळ, साक्षीदाराला प्रश्न कसे विचारायचे, हे सगळं तिथेच आणि पुरेसं व्हावं लागतं. गोव्यात कमी पडलं ते हेच. समितीने घाई केली ती विद्यार्थिनींना लवकर न्याय मिळावा म्हणून, पण त्या घाईने त्यांचंच अधिक नुकसान झालं, असं न्यायालयाने नमूद केलं.

चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा सुरू करायची, म्हणजे तेव्हाच्या विद्यार्थिनी शिक्षण संपवून, नोकरी-संसाराला लागून कुठल्या कुठे गेलेल्या. त्यांना पुन्हा बोलवायचं. समितीने मे २००९ मध्ये तीन-चार आठवड्यांची उसंत दिली असती तर कदाचित हे टळलं असतं. याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या सरकारी खात्यांत, संस्थांत आणि विद्यापीठांत अंतर्गत समित्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्या, खरोखर आहेत का, त्यांची रचना कायद्याप्रमाणे आहे का, याची मुदतीत पडताळणी करायला सांगितली.

माझी मुलगी पीएच.डी. करते. मार्गदर्शकांच्या वागणुकीबद्दल तक्रार द्यायचं तिने ठरवलं आहे. तक्रार पुढे टिकावी म्हणून सुरुवातीपासून काय सांभाळावं? (एक आई, पुणे)

मुदत सांभाळा. २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत संस्थेच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, त्यापुढे नाही. पश्चिम बंगालमधल्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार केवळ या मुदतीवर पडली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मुदतबाह्य ठरवली. परीक्षा होऊ दे, प्रबंध सादर होऊ दे, मग बघू, असं म्हणत थांबणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. थांबण्याची कारणं आम्हाला कळतात, पण दिनदर्शिका त्यांच्यासाठी थांबत नाही.

तक्रारीत ‘नेहमी त्रास देतात’ असं मोघम लिहू नका. प्रत्येक प्रसंगाची तारीख, नक्की तारीख आठवत नसेल तर आठवडा, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, तेव्हा जवळ कोण होतं आणि नंतर तिने कुणाला सांगितलं, हे प्रसंगवार लिहा. मेसेज असतील तर केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन आणि मूळ संभाषण तसंच ठेवा. फोन बदलताना संभाषण पुसलं गेलं की स्क्रीनशॉटच्या खरेपणावर शंका घेणं समोरच्याला सोपं जातं. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. आपल्या प्रतीवर पोच घ्या.

मग समितीची रचना तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या विषयावरच्या विनियमांनुसार पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, ज्येष्ठ महिला अध्यापक असावी लागते: विद्यापीठात प्रोफेसर, महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि संस्थेबाहेरची एक सदस्य हवी. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांच्यासारखे पदाधिकारी समितीवर चालत नाहीत. रचनेत खोट दिसली तर पहिल्याच आठवड्यात लेखी सांगा. निकाल तिच्या बाजूने लागल्यावर हाच दोष समोरचा पक्ष कोर्टात दाखवतो आणि सगळं मुळापासून उखडलं जातं.

पीएच.डी.च्या विद्यार्थिनीसाठी सगळ्यात मोलाची सोय अंतरिम दिलाशाची आहे. आरोप असलेल्या व्यक्तीने तिच्या कामाचं, परीक्षेचं किंवा प्रगतीचं मूल्यमापन करू नये, असा आदेश चौकशी चालू असतानाच मागता येतो. तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्या काळात तिचा दर्जा व लाभ सुरक्षित राहतात. मार्गदर्शक बदलून मागायचा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. सहामाही प्रगती अहवालावर सही कोण करणार, शिष्यवृत्तीचं बिल कोण पुढे पाठवणार, हे प्रश्न पुढच्याच महिन्यात उभे राहतात.

‘मिटवून टाका’ असा दबाव येईल. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच होऊ शकतो आणि तो पैशाच्या मोबदल्यात करता येत नाही. दुसऱ्या कुणाला तो सुचवायचा अधिकार नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीची मी पीठासीन अधिकारी आहे. पहिलंच प्रकरण आलं आहे. कोर्टात टिकेल अशी चौकशी कशी चालवायची? (एक प्राध्यापिका, नाशिक)

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारलात, याचा आम्हाला मनापासून आनंद वाटला. बऱ्याचदा तो अहवाल लिहून झाल्यावर येतो.

मुदती आधी एका कागदावर लिहून नस्तीच्या पहिल्या पानावर लावा. तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला सात दिवसांत द्यायची. त्याने दहा दिवसांत कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. ती संपल्यावर दहा दिवसांत अहवाल संस्थेकडे द्यायचा आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांना द्यायची. अहवालाविरुद्ध ३० दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येतं. शिक्षा करण्यापूर्वी दहा दिवसांत उत्तर मागणारी कारणे दाखवा नोटीस द्यायची असते. ९० दिवस म्हणजे वेळ कमी, असं वाटून तीस दिवसांत गुंडाळू नका. ते दिवस वापरण्यासाठीच दिलेले आहेत.

प्रत्येक बैठकीचा रोजनामा त्याच दिवशी लिहा: तारीख, सुरू झाल्याची वेळ, हजर सदस्य, काय घडलं, कोणता कागद कुणाला दिला, पुढची तारीख. शेवटी सगळ्यांच्या सह्या. पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हजर नसतील तर कामकाज चालवू नका. पाच सदस्य हजर असल्याचा रोजनामा आणि त्यावर तिघांच्याच सह्या, असा कागद उलट वकिलाच्या हाती आयतंच शस्त्र देतो. जबाब साक्षीदाराच्या शब्दांत लिहा, वाचून दाखवा, दुरुस्ती असेल तर तिथल्या तिथे करून तिच्यापुढे आद्याक्षरी घ्या आणि प्रत्येक पानावर सही घ्या. ‘सदर व्यक्तीने असभ्य वर्तन केल्याचे तिने सांगितले’ हा तुमचा सारांश झाला. तिचे शब्द त्यात कुठेच नाहीत.

उलटतपासणीवर समित्या सगळ्यात जास्त अडखळतात. मुलीला आरोपीसमोर बसवायची गरज नाही. पडदा, वेगळी खोली, व्हिडिओ जोडणी यापैकी काहीही चालतं. समोरच्या व्यक्तीकडून लेखी प्रश्न मागवा, पीठासीन अधिकाऱ्याने ते विचारायचे आणि उत्तरं नोंदवायची. एखादा प्रश्न अपमानास्पद किंवा असंबद्ध म्हणून गाळला तर तो प्रश्न आणि गाळण्याचं कारण दोन्ही रोजनाम्यात लिहा. प्रश्न विचारण्याची संधीच दिली नाही, तर मात्र अहवाल अडचणीत येतो. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत नोंदवणं मान्य केलं होतं, पण त्यांच्यावरचे आरोप त्यांना सांगितले गेले होते आणि म्हणणं मांडू दिलं होतं. नाव झाकता येतं, आरोपातला मजकूर झाकता येत नाही.

चौकशीच्या मध्यावर दुसऱ्या मुलीची तक्रार आली तर ती पहिल्या नस्तीत सरकवू नका. तिची स्वतंत्र प्रत द्या, स्वतंत्र दहा दिवस द्या. गोव्याच्या प्रकरणाचं उत्तर वर दिलं आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचा.

समोरचा गैरहजर राहतो, वैद्यकीय दाखले पाठवत राहतो, असा अनुभव समित्यांना येतोच. एकतर्फी निर्णय घेता येतो, पण पुरेसं कारण न देता लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्यानंतर आणि पंधरा दिवसांची लेखी सूचना दिल्यानंतरच. दाखल्याबद्दल शंका असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणीला पाठवा. मनातल्या शंकेवर मुदत नाकारू नका. वकील कोणत्याही बाजूने समितीपुढे उभे राहू शकत नाहीत, तसं नियमातच आहे. पण वकिलाचा सल्ला घेऊन लिहिलेलं उत्तर स्वीकारायला हरकत नाही.

अहवालात आरोपवार निष्कर्ष द्या. आरोप क्रमांक एक, त्याचा पुरावा, बचाव काय, समितीला काय पटलं आणि का. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घटना घडली असण्याची शक्यता न घडण्याहून जास्त दिसते का, एवढं पाहायचं. ‘एकूण वागणुकीवरून समितीची खात्री झाली’ या एका वाक्यावर कुणाची नोकरी जाऊ नये आणि कुणाची तक्रारही अडकून पडू नये. ज्या सदस्याने तक्रारदाराला आधी समुपदेशन केलं असेल किंवा जो साक्षीदार असेल, त्याने या प्रकरणापुरतं बाजूला व्हावं. शिक्षा ठरवणाऱ्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीलाही हाच नियम लावा.

चौदा महिने निलंबित आहे. दोषारोपपत्र नाही, पाच महिन्यांपासून निर्वाह भत्ताही नाही. (एक सहयोगी प्राध्यापक, मराठवाडा)

दोन्हीसाठी वेगवेगळे अर्ज करा. दोषारोपपत्राशिवाय निलंबन तीन महिन्यांपुढे चालू ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. त्यावर महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शासन निर्णय काढला. संस्थेला अर्ज देताना या दोन्हींचा उल्लेख करा. भत्ता पहिले तीन महिने साधारण अर्धपगारी रजेच्या वेतनाएवढा आणि त्यावर महागाई भत्ता, असा असतो. तीन महिन्यांनंतर त्याचा फेरविचार होतो. विलंब तुमच्यामुळे नसेल तर तो आधीच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत वाढवता येतो. तुम्ही दुसरी नोकरी करत नाही, असा दाखला दर महिन्याला पोच घेऊन द्या. बहुतेक ठिकाणी भत्ता अडवायला याच दाखल्याचं निमित्त सांगितलं जातं. भत्ता न देता चौकशी रेटली आणि पैशाअभावी तुम्ही हजर राहू शकला नाहीत, तर ती एकतर्फी चौकशी रद्द होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. म्हणून हजर न राहण्याचं हे कारण वेळच्या वेळी लेखी कळवा.

फौजदारी कोर्टाने निर्दोष सोडलं. नोकरी आपोआप परत मिळेल का? (एक वाचक, नागपूर)

आपोआप नाही. फौजदारी खटल्यात आणि खातेनिहाय चौकशीत पुराव्याची मोजपट्टी वेगळी असते. साक्षीदार फितूर झाले किंवा संशयाचा फायदा मिळाला म्हणून सुटका झाली असेल तर बडतर्फीवर तिचा फारसा परिणाम होत नाही. दोन्हीकडे आरोप, साक्षीदार आणि पुरावा अगदी तेच असतील आणि कोर्टाने गुणदोष तपासून आरोप खोटा ठरवला असेल, तर तो मुद्दा जड होतो. निकालपत्राची प्रमाणित प्रत घ्या आणि अपिलात दाखल करा.

चौकशी अहवालाची प्रत न देताच बडतर्फ केलं. एवढ्यावर आदेश रद्द होतो का? (एक वाचक, अमरावती)

शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत देऊन त्यावर म्हणणं मागवायलाच हवं, हे १९९३ च्या बी. करुणाकर प्रकरणातल्या घटनापीठाच्या निकालाने पक्कं केलं. पण त्याच निकालाने पुढे असंही सांगितलं की प्रत न मिळाल्याने तुमचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं. ‘प्रत मिळाली असती तर अमुक साक्षीदाराच्या जबाबातली विसंगती आणि हजेरीपटाची नोंद मी दाखवली असती’ असं नेमकं मांडा. आदेश रद्द झाला तरी संस्थेला अहवालाच्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा करता येते, हे गृहीत धरूनच लढा.

शोधनिबंधात वाङ्मयचौर्य सापडलं म्हणून सहकाऱ्याला थेट सेवेतून काढलं. हे नियमात बसतं का? (एक प्राध्यापिका, मुंबई)

पहिल्याच प्रकरणात, बहुधा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर निबंध मागे घ्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर निबंध मागे घेणं, एक वार्षिक वेतनवाढ बंद आणि दोन वर्षं नवा संशोधक विद्यार्थी घेण्याला मनाई. ६० टक्क्यांच्या वर दोन वेतनवाढी बंद आणि तीन वर्षं मनाई. या शेवटच्या पातळीचा गुन्हा पुन्हा केला तरच निलंबन किंवा सेवासमाप्तीपर्यंत जाणारी शिस्तभंगाची कारवाई होते. त्याआधी विभागाची समिती आणि मग संस्थेची समिती, प्रत्येकी ४५ दिवसांत, असा दोन टप्प्यांचा तपास व्हायला हवा.

सॉफ्टवेअरने दिलेला आकडा हाच निकाल मानण्याची चूक सर्रास होते. संदर्भासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, आभार, अनुक्रमणिका हे वगळून आकडा काढायचा असतो. अहवाल काढताना ही वगळणी चालू होती की बंद, एवढं जरी तपासलं तरी अनेकदा पातळी बदलते. सहकाऱ्याने तो अहवाल या वगळणीच्या नोंदीसह मागून घ्यावा.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. ‘विद्यार्थ्यांशी गैरवर्तन केल्याने सेवा समाप्त’ असं पत्र मिळालं. कंत्राटी म्हणून मला काहीच हक्क नाही का? (एक अध्यापिका, सोलापूर)

मुदत संपली म्हणून सेवा संपली असती तर हाती फारसं काही नव्हतं. पण पत्रात गैरवर्तनाचा ठपका आहे. असा कलंक लावणारी सेवासमाप्ती ही शिक्षा ठरते आणि चौकशीशिवाय शिक्षा करता येत नाही, मग नेमणूक तात्पुरती असो वा परिवीक्षेवरची. पत्र जपा, नेमणुकीचे सगळे आदेश वर्षवार लावा आणि वरच्याच ३० दिवसांच्या मुदतीत अपील करा. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं असेल तर त्याच दिवशी ई-मेल करून तसं सांगितल्याची नोंद करा, म्हणजे तारीख तयार होते.

अपील जिंकलो तर मधल्या वर्षांचा पगार मिळेल का? (तीन वाचक, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून)

महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर पुनर्स्थापनेबरोबर मागील वेतन देणं हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र मधल्या काळात आपण कमाईची नोकरी करत नव्हतो, किंवा करत होतो तर किती कमी पगारावर, हे तुम्ही अपिलात लिहायला हवं. त्यानंतर ते खोटं ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर जाते. एवढं एक वाक्य आणि त्याचं शपथपत्र राहून गेल्यामुळे मागील वेतन निम्म्यावर येतं किंवा हातचं जातं. खासगी शिकवणीचं उत्पन्न असेल तर लपवू नका. प्राप्तिकर विवरणपत्रं संस्था मागवते, आणि लपवलेला आकडा सापडला तर बाकीच्या विधानांवरचाही विश्वास उडतो.

आदेश केवळ प्रक्रियेतल्या दोषावर रद्द होऊन चौकशी पुन्हा सुरू झाली, तर मधल्या काळाच्या पगाराचा निर्णय त्या नव्या चौकशीच्या निकालापर्यंत लांबतो. तोवर तुम्ही निलंबित मानले जाता आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याचा अर्ज निकालाची प्रत मिळाल्यावर लगेच द्या. तो आपोआप सुरू होत नाही.